सरांचा हात

शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

काल लिहिलं नाही. काल संचिताचं हेलिकॉप्टर पडलं.

हे वाक्य लिहून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. आमच्या घराण्यात सायकलच्या पुढे कोणी काही चालवलेलं नाही. पोलादपूरकडच्या आमच्या वाडीत एस.टी.सुद्धा खालच्या फाट्यापर्यंतच यायची. त्या वाडीतल्या माणसावर असं वाक्य लिहायची वेळ यावी.

माझी पोर जिवंत आहे. हे आधी लिहायला हवं होतं. डावं मनगट मोडलंय, खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलंय, तोंडावर खरचटलंय. कल्याणच्या दवाखान्यात ठेवलंय. तिच्या शेजारी बसलेले तिला शिकवणारे सर, कॅप्टन सुधीर, त्यांच्या मणक्याला मार आहे. त्यांना ठाण्याला हलवलं. पाय हलत नाहीत म्हणतात.

मुरबाड रस्त्यापासून आत संचिताच्या कंपनीने एक माळ घेतलाय, तिथे सराव चालतो. हवेत इंजिन बंद पडलं तर कसं उतरायचं, त्याचा सराव. म्हणजे इंजिन बंद पडलं नव्हतं. काही बिघडलंही नव्हतं. बिघडल्यावर काय करायचं ते शिकताना पडले. पाण्याच्या पंपावर मला फोन आला तेव्हा माझ्याबरोबर काम करणारा काळुराम शेजारी होता. तो सारखा विचारायचा, "पन बिघडला काय?" मी म्हणायचो, काही नाही. "मंग पडला कसा?" पंचवीस वर्षं मी नदीचं पाणी वर चढवतो. ते कसं चढतं ते मला सांगता येतं. हे येत नाही.

संचिता शुद्धीवर आल्यापासून एकच विचारते, "सर कसे आहेत?" आज विमान खात्याचे एक साहेब आलेले. तिच्याशी बोलता येईल का म्हणाले. मी म्हटलं, "तिला त्रास नको. काय विचारायचं ते मला विचारा." साहेब म्हणाले, "तुम्ही होता का हेलिकॉप्टरमध्ये?"

आज संकष्टी. उपास केला, पण चंद्र बघायचा राहिला. दवाखान्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची टाकी दिसते फक्त.

रविवार, १९ जानेवारी

काल संध्याकाळी घरी आणलं. कोपरला आमच्या गल्लीत रिक्षा शिरली तशी माणसं गॅलऱ्यांत येऊन उभी राहिली. रतनने दारातच मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळल्या आणि गॅसवर टाकल्या. मिरच्यांचा ठसका आलाच नाही. म्हणजे दृष्ट मोठी होती. संचिता म्हणाली, "आई, सरांवरूनही काढ. त्यांना जास्त लागलीये." रतनने खरंच मूठभर मिरच्या पुन्हा घेतल्या आणि ठाण्याच्या दिशेला हात फिरवला.

आज काळुराम त्याच्या वाडीतली वांगी घेऊन आला. दारातूनच ओरडला, "काय गो पायलटबाई! आमच्या म्हशीच्या अंगावर नाय ना परलीस?" संचिता हसली आणि हसता हसता खांदा धरून कळवळली. पडल्यापासून पहिल्यांदा हसली. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "सुटलात बाई. आता तरी लग्नाचं बघा." रतन म्हणाली, "तिचं हाड मोडलंय, नशीब नाही."

जेवताना तिने पाण्याचा तांब्या उचलला, तो मी पटकन हातातून घेतला. "बाबा, उजवा हात चांगला आहे माझा." चांगला असेल, पण मी ओतूनच दिलं.

मंगळवार, २१ जानेवारी

आज तिने सगळं सांगितलं. मीच विचारलं होतं. समजेना म्हणून तिने स्वयंपाकघरातून दोन पळ्या मागवल्या आणि माझ्याकडून त्या एका दोरीने एकमेकींना बांधून घेतल्या. एक माझ्या हातात, एक तिच्या.

"आमच्या दोघांच्या डाव्या बाजूला असा एकेक दांडा असतो. आतून जोडलेले. तुम्ही उचललात की माझाही उचलला जातो. उचला." मी उचलली. तिची वर गेली.

"इंजिन गेलंय असं समजायचं. मग खालून येणारा वारा पंखा फिरवत ठेवतो. हेलिकॉप्टर दगडासारखं पडत नाही, पण येतं वेगात. जमीन अगदी जवळ आली की हा दांडा उचलायचा. त्याने ते अलगद टेकतं. आधी उचलला तरी फुकट, नंतर उचलला तरी फुकट. एकदाच मिळतं."

"मग?"

"चालवत मी होते. जमीन जवळ आली. मी उचलणार, तेवढ्यात दांड्यावर सरांचा हात जाणवला. घट्ट. मला वाटलं सरांनी घेतलं. मी सैल सोडला."

"सर काही बोलले?"

"नाही. बोलायचं असतं. घेणाऱ्याने 'मी घेतलं' म्हणायचं, देणाऱ्याने 'घ्या' म्हणायचं. तसा नियमच आहे. ते बोलले नाहीत, मी विचारलं नाही."

"मग त्यांनी उचलला का नाही?"

"मी उचलेन म्हणून वाट बघत असतील. हात नुसता ठेवला असेल, सावधगिरी म्हणून. मला कळलं तेव्हा जमीन आली होती."

मी म्हटलं, "मग तू सोडलास कशाला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "सर आहेत ते, बाबा. त्यांच्या हातातलं ओढून घेऊ?"

बरोबरच बोलली. आम्ही लहानपणापासून तेच शिकवलं. मोठ्यांनी धरलेलं ओढायचं नाही, मोठे बोलताना मध्ये तोंड घालायचं नाही, द्यायचं ते दोन्ही हातांनी द्यायचं. कोणाकडे गेलो की लोक म्हणायचे, मुलगी अशी हवी. मला आत कुठेतरी बरं वाटायचं. आजही ऐकताना, खोटं कशाला लिहू, क्षणभर बरंच वाटलं. मग तिच्या प्लॅस्टरकडे लक्ष गेलं.

रतन दाराशी उभी राहून ऐकत होती. तिने आमच्या हातातल्या पळ्या घेतल्या, दोरी सोडली आणि आमटीत एक घातली.

शुक्रवार, २४ जानेवारी

सरांच्या मिसेस, सुहासिनीताई, यांचा फोन आला. कॉलेजात शिकवत होत्या, बोलणं फार स्वच्छ. सरांना त्या सकाळचं काही आठवत नाही. घरून निघाल्याचं आठवतं, पुढे एकदम दवाखाना. डॉक्टर म्हणाले, कदाचित कधीच आठवणार नाही.

म्हणजे काय झालं ते सांगणारी एक संचिताच. तिचा जबाब फेब्रुवारीत ठाण्याला होणार. दांडा माझ्या हातात होता म्हणाली, तर दोष तिचा. लायसन्स नवं आहे, उडणं संपलंच समजायचं. सरांनी घेतला होता म्हणाली, तर त्यांच्या एवढ्या वर्षांवर काळं. तेही माणूस अंथरुणात पडलेलं असताना, त्याला स्वतःची बाजू आठवतही नसताना.

मी तिला सांगितलं, गुरूवर बोट ठेवायचं नाही. आपल्याला ते शोभत नाही. चूक आपल्याकडे घ्यावी, देव बघतो. ती "हं" म्हणाली.

रतनने आत भांडं आपटलं. "पोरीचं आयुष्य आहे ते. हळदीकुंकवाचं वाण नाही, उचलून कोणालाही द्यायला."

रतनला या गोष्टी समजत नाहीत, असं लिहिणार होतो. मला तरी कुठे समजतात.

बुधवार, २९ जानेवारी

अंग दुखतं. पंपावर बसल्या बसल्या डोळा लागला, काळुरामने चहा आणून उठवलं. जपाला बसलो की बोटं मणी ओढत राहतात आणि मी तिसरीकडेच असतो. देवाला कळत असणार. पूर्वी या गोष्टीची लाज वाटायची, आता तेवढीही वाटत नाही. नुसता दमलोय.

संचिता खिडकीत बसून असते. कबुतरं उतरताना बघते.

सोमवार, ३ फेब्रुवारी

परवा माघी गणपतीला टिटवाळ्याला जाऊन आलेलो. प्रसाद सरांना द्यावा म्हणून आज ठाण्याला गेलो. घरात सांगितलं, पण कोणाला बरोबर घेतलं नाही. मनात होतं की बापाने एकदा जाऊन धीर द्यावा.

खोली स्वच्छ, एकटी. सर उताणे. मानेला पट्टा. मी नमस्कार केला तर म्हणाले, "या गुणाजीराव. इतकी वर्षं जमिनीला पाठ टेकत नव्हतो, आता उचलू देत नाहीत." सुहासिनीताई म्हणाल्या, "बघा, विनोद चालू आहेत. नर्सपुढे मात्र तोंड एवढंसं होतं." मला खुर्ची दिली. मी टोकावर बसलो तर, "अहो नीट बसा, ती मोडायची नाही."

सरांनी संचिताचं मनगट, हासळी, झोप, सगळं विचारलं. म्हणाले, "हात फार हलका आहे तिचा. शिकवून येत नाही तसा." माझे डोळे भरून आले. एवढ्या दुखण्यात हा माणूस माझ्या पोरीचं कौतुक करतो आणि आपण त्याला काय देणार? मी म्हटलं, "साहेब, तुम्ही कसलीही काळजी करू नका. मी तिला बजावून ठेवलंय. तुमचं नाव ती घेणार नाही."

"माझं नाव? कशात?"

"तेच हो. दांड्यावर हात कोणाचा होता वगैरे. ती म्हणेल तिचाच होता."

सर वर पंख्याकडे बघत राहिले. ताई उठून पडदा सारखा करायला लागल्या, तो सारखाच होता. "हात," सर म्हणाले. मग डोळे मिटले. मला वाटलं कळ आली असावी. मी नर्सला बोलावू का विचारलं. ते म्हणाले, "नको. प्रसाद द्या." मी मोदक त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो तसाच मुठीत धरून ठेवला.

ताई लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. "सावकाश जा," एवढंच.

परत येताना बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं. त्यांच्या मनावरचं थोडं ओझं तरी उतरवून आलो.

सोमवार, १० फेब्रुवारी

देव पावला.

कंपनीतून संचिताला फोन आला. चौकशीचे साहेब दवाखान्यात जाऊन सरांचा जबाब घेऊन गेले. सरांनी स्वच्छ सांगितलं, दांडा मी घेतला होता, चूक माझी, मुलीचा काही संबंध नाही.

मी देवापुढे डोकं टेकलं. खाली जाऊन पेढे आणले. संचिताने पेढा हातात घेतला आणि म्हणाली, "सरांना आठवलं?"

"आठवलं असेल. गणपतीचा प्रसाद गेलाय त्यांच्या पोटात."

रतन म्हणाली, "नक्की?" मला राग आला. या घरात चांगल्या बातमीलाही साक्षीदार लागतात.

संचिताचा पेढा संध्याकाळपर्यंत खिडकीतच होता. मुंग्या लागल्या तेव्हा रतनने उचलला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

संचिता आज माझ्यासमोर येऊन बसली. "बाबा, त्या दिवशी ठाण्याला गेलेलात. सरांशी काय काय बोललात?"

मी सगळं सांगितलं, मोदकापर्यंत. लपवण्यासारखं काही नव्हतं. ती ऐकत राहिली. मी नाव न घेण्याचं सांगितलं तिथे तिने डोळे मिटले.

"मी सुहासिनीताईंना फोन केला होता," ती म्हणाली. "सरांना काहीच आठवलेलं नाही. अजूनही नाही. त्यांचा हात होता हे त्यांना तुमच्याकडून कळलं."

चिडली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "मी धीर द्यायला गेलेलो गं."

"माहितीये."

"आता काय करायचं ते मी तुला सांगतो—"

"नका सांगू, बाबा." अगदी हळू म्हणाली.

म्हणजे मी त्यांना वाचवायला गेलो आणि त्यांच्या हातात दोष नेऊन ठेवला. आणि त्यांनी तो घेतला. न आठवणारा गुन्हा माणूस कबूल करतो तो कोणासाठी? माझ्या पोरीसाठी. आणि मी पेढे वाटले.

रविवार, १६ फेब्रुवारी

पुन्हा संकष्टी आली. देवापुढे बसलो. काय मागावं ते सुचेना. सर वाचावेत म्हणावं तर पोर अडकते, पोर सुटावी म्हणावं तर सर अडकतात. काही न मागताच उठलो.

रतनला म्हटलं, "झालं ते आहे तसं सांगितलं तर दोघंही अडकतात."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अडकू देत. दोघं मिळूनच पडलेत ना?"

चंद्र उशिरा दिसला. संचिताने गॅलरीतून आधी बघितला आणि मला हाक मारली.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज जबाब होता. मी रजा टाकलेली. पांढरा शर्ट इस्त्री करून घातला, कागदांची पिशवी घेतली, चपला घातल्या. संचिता म्हणाली, "तुम्ही थांबा, बाबा. मी जाते." मी म्हटलं, बाहेर बसेन, तोंड उघडणार नाही. "तुम्ही बाहेर बसलात तरी मला आत ऐकू येईल." रतन हसली. मी चपला काढल्या.

दिवसभर शर्ट मात्र काढला नाही. का कोण जाणे.

चार वाजून गेल्यावर आली. हातपाय धुतले, आईने वाढलेलं सगळं जेवली, भात पुन्हा घेतला. मग म्हणाली, "मी सांगितलं, हेलिकॉप्टर कोणाच्याच हातात नव्हतं. सरांनी न बोलता हात ठेवला, मी न विचारता सोडलं."

"आणि सरांनी जे सांगितलंय?"

"सरांना काही आठवत नाही. मला वाचवायला बोलले. तेही सांगितलं."

"म्हणजे सर खोटं बोलले म्हणालीस? साहेबांसमोर?"

"हो."

मी खाली बसलो. एवढ्या मोठ्या माणसाला. आमच्या शाळेत गुरुजींनी फळ्यावर चुकीचं गणित लिहिलं तर आम्ही वहीत तसंच उतरवून घ्यायचो.

"मग आता?" रतनने विचारलं.

"माझं उडणं बंद. पुन्हा पहिल्यापासून शिक्षण, पुन्हा परीक्षा, तोपर्यंत कंपनी ठेवते की नाही माहीत नाही. सर परत शिकवू शकणार नाहीत. ते तसंही..." ती पाणी प्यायली. "एक साहेब म्हणाले, समजा पुन्हा तसाच हात जाणवला, तर काय कराल? मी म्हटलं, विचारीन. ते म्हणाले, वेळ नसेल तर? मी म्हटलं, मग उचलीन."

ती जाऊन झोपली. दिवेलागणीलाही उठली नाही. मी आज आरती म्हटली नाही, रतनने म्हटली. सुहासिनीताईंना फोन करून माफी मागावी असं दहादा मनात आलं. पण मागच्या वेळी धीर द्यायला गेलो तर काय झालं ते बघितलंय.

रविवार, २३ फेब्रुवारी

सकाळी सुहासिनीताईंचाच फोन आला. नाव दिसलं आणि मी फोन नुसता वाजू दिला. रतन म्हणाली, "घ्या हो, चावत नाही."

"संचिताचे बाबा, ह्यांचा निरोप आहे. काल चौकशीवाले पुन्हा येऊन गेले. संचिता काय म्हणाली ते ह्यांना वाचून दाखवलं."

मी म्हटलं, "ताई, पोर लहान आहे. तिच्या वतीने मी हात जोडतो."

"अहो थांबा, पुरतं ऐका तरी. ते लोक गेल्यावर हे म्हणाले, दोन वर्षं शिकवतोय, आज पहिल्यांदा माझं ऐकलं नाही तिने. आणि हसले. पडल्यापासून मी ह्यांना एवढं हसताना पाहिलं नव्हतं. पाठ दुखायला लागली तरी थांबेनात, नर्स धावत आली." मग त्यांचा आवाज जरा बदलला. "तिला म्हणावं, आज येऊन जा. बोलवलंय."

मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि रतनला सांगितलं. तीही हसली, आणि पदराने डोळे पुसून पुन्हा पोळ्या लाटायला बसली. ज्याला चारचौघांत खोटं पाडलं त्याला यात हसण्यासारखं काय मिळालं, ते मला अजून पुरतं कळलेलं नाही. मी विचारलंही नाही.

संचिता दुपारी निघाली. रतनने सरांसाठी डबा दिला होता, त्याने पिशवी जड झालेली. मी ती उचलायला पुढे झालो आणि तसाच राहिलो. तिने एका हाताने पिशवी वर घेतली, पट्टा खांद्यावरून घसरला, पुन्हा घेतली. वेळ लागला. मग दार उघडून गेली.